जहाजाचे पाहुणे, सिरपूरचा डबा

मी पाहुण्यांची आधार कार्डं जेवणाच्या डब्यात ठेवली. स्टीलच्या तीन कप्प्यांच्या डब्यात, सगळ्यात वरच्या कप्प्यात, लोणच्याच्या वाटीला टेकवून. घाईत नव्हतो, कोणी सांगितलं नव्हतं, आणि ठेवताना स्वतःवर खूशही होतो.

असं काहून केलं, हे समजायला आधी माझा धंदा समजला पाहिजे.

मी गाइड आहे. राहतो रायपूरला, पुरानी बस्तीत, आणि लोकांना सिरपूर, राजिम, चंपारण दाखवतो. यात काही विशेष नाही. विशेष हे की गेली काही वर्षं माझे बरेचसे पाहुणे जहाजावरून येतात. आमच्या गणेश मंडळातले लोक यावर अजून हसतात. रायपूरपासून समुद्र एका रात्रीच्या गाडीइतका लांब आहे, आणि पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे खारून नदी आणि बुढा तलाव. जहाज कुठून आलं?

जहाज येतं विशाखापट्टणमला. पर्यटकांची मोठी जहाजं थंडीत तिथे एखाद-दोन दिवस थांबतात. बहुतेक प्रवासी बंदराजवळचंच पाहतात, किनारा, टेकडीवरचे बौद्ध अवशेष, भीमुनीपट्टणमसारखं जुनं गाव. पण काहींना वेगळं काही हवं असतं. त्यांच्यासाठी तिथला एक एजंट मला फोन करतो. सकाळच्या विमानाने पाहुणे रायपूरला, दिवसभर सिरपूरची पडकी विहारं आणि विटांचं देऊळ, संध्याकाळच्या विमानाने परत. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज सुटतं.

एकदा त्याचा तिकडचा गाइड आजारी पडला म्हणून मीच विशाखापट्टणमला जाऊन आलो. भीमुनीपट्टणमच्या जुन्या कबरस्तानात एका गोऱ्या बाईंना हात उंचावून सांगितलं की हे सगळे इंग्रज अधिकारी. बाईंनी वाकून दगडावरचा मजकूर वाचला आणि शांतपणे म्हणाल्या की ही त्यांची भाषा आहे, डच. मग उरलेली सगळी कबरस्तानाची सहल त्यांनी मला घडवली. तेव्हापासून एजंट मला समुद्राजवळ जाऊ देत नाही.

साध्या पाहुण्याला जागा दाखवली की काम झालं. जहाजाच्या पाहुण्याला जागा दाखवून परत पोचवायचं असतं, आणि सगळी कसोटी त्या परत पोचवण्यात आहे. रेल्वे चुकली तर दुसरी गाडी असते. जहाज थांबत नाही आणि मागे फिरत नाही. त्यामुळे आम्ही दिवस उलटा मोजतो. विमानाच्या वेळेपासून मागे यायचं, रस्त्याचा वेळ काढायचा, धानखरेदी सुरू असली तर ट्रॅक्टरांच्या रांगांसाठी आणखी काढायचा, आणि उरलेल्यात इतिहास बसवायचा. ज्यांना तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीचं पाहायला यायचं असतं त्यांच्या हाती असते एक दुपार. पाहुणे देवळाकडे पाहतात, मी घड्याळाकडे. इतक्या वर्षांत माझं एकही विमान चुकलं नव्हतं, आणि हे मी प्रत्येक पाहुण्याला विमानतळावरच सांगून टाकायचो. तोही मूर्खपणाच.

त्या दिवशीचे पाहुणे पुण्याचे होते. अविनाशराव, निवृत्त स्थापत्य अभियंता, आणि त्यांच्या पत्नी शुभाताई. अविनाशरावांनी कॉलेजात असताना सिरपूरच्या विटांच्या देवळाचा फोटो पाहिला होता आणि तेव्हापासून ते देऊळ त्यांच्या मनात बसलं होतं. शुभाताईंच्या मनात मात्र दुसरंच होतं. त्यांची आई जहाजावर होती.

"आई पंच्याऐंशीच्या पुढे आहे," गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मला सांगितलं. "तिला आठवत नाही फारसं. मी समोर असले की ठीक असते. नसले की दार उघडून बाहेर जाते, मला शोधायला."

"आता कोण आहे जवळ?"

"शेजारच्या केबिनमधल्या एक बाई आहेत, नर्स होत्या पूर्वी. त्यांनीच म्हटलं, जाऊन या. ह्यांनी इतकी वर्षं माझ्या आईचं सगळं केलंय, कधी तोंडातून शब्द नाही काढला. एक दिवस यांचा म्हणून निघालेय मी."

"संध्याकाळी परत पोचवायची जबाबदारी माझी," मी म्हणालो. पुण्याचे पाहुणे असले की माझं मराठी आपोआप इस्त्री करून बाहेर पडतं. "माझं एकही विमान आजवर चुकलेलं नाही."

पुढे बसलेला आमचा ड्रायव्हर खेमलाल खोकला. तो अभनपूरचा, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देतो, आणि माझी फेकाफेक खोकून दुरुस्त करतो.

वाटेतलं आरंग गाव येईपर्यंत शुभाताईंनी पर्स कितीदा उघडली कोण जाणे. चेन उघडायची, आत पाहायचं, चेन लावायची. आधार कार्डं आहेत ना, एवढंच. त्या दोन कार्डांवर विमान होतं, विमानावर जहाज, आणि जहाजावर आई. मलाच घाबरायला झालं. आणि मग मला ती कल्पना सुचली.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांची एक पद्धत होती. प्रवासात घरादाराची तिकिटं, पैसे, आईची बोरमाळ, सगळं जेवणाच्या डब्यात. चोर पेटी उचलतो, पिशवी उचलतो, पण दुसऱ्याच्या पोळीभाजीला कोणी हात लावत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. आमच्या घरचं कधी काही चोरीला गेलं नाही, त्यामुळे मीही ते शास्त्र मानतो.

"ताई, द्या इकडे ती कार्डं," मी म्हणालो. "माझ्या डब्यात ठेवतो. संध्याकाळी विमानतळावर तुमच्या हातात देतो. तोपर्यंत पर्स उघडायची नाही."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. अविनाशराव म्हणाले, "दे गं. ते रोजचे आहेत यात."

त्यांनी कार्डं दिली. पर्स मांडीवरून बाजूला ठेवली, आणि त्या पहिल्यांदाच खिडकीतून बाहेर पाहायला लागल्या. मला फार बरं वाटलं.

सिरपूरला आधी देऊळ पाहिलं. एका राणीने आपल्या नवऱ्याच्या आठवणीत बांधलेलं हे देऊळ, सगळं विटांचं, आणि विटा इतक्या घासून बसवलेल्या की मधे नखही जात नाही. नेहमी इथे मी बोलतो आणि पाहुणे ऐकतात. अविनाशराव बोलायला लागले आणि मी ऐकायला. ते भिंतीला हात लावायला जायचे, मग हात मागे घ्यायचे, कारण हात लावू नका असं लिहिलेलं. शुभाताई त्यांच्याकडे पाहून हसत होत्या.

दुपारी दुलारीबाईच्या टपरीवर जेवलो. देवळाबाहेर तिची चहाची टपरी आहे. पाहुण्यांना तिच्याकडचा गरम भात आणि लाल भाजी, मला घरचा डबा. मी नेहमीच्या शिस्तीत वरचा कप्पा उघडला, कार्डं उचलली, पोळ्या काढल्या, कार्डं परत ठेवली, झाकण लावलं. जेवण झाल्यावर डबा दुलारीबाईपाशी ठेवला. ही तिची-माझी जुनी रीत. ती डबा धुते आणि काहीतरी भरून देते, रिकामा डबा पाठवायचा नाही म्हणून. कधी चीले, म्हणजे तांदळाची धिरडी, कधी हिरवे हरभरे. सवय अशी पक्की की हाताने आपोआप डबा पुढे केला, आणि हाताने माझ्या डोक्याला विचारलं नाही.

आम्ही विहार पाहायला गेलो. तिथेच शुभाताईंचा फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या, मग नुसतं "हो, हो" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"आई जेवत नाहीये. दोनदा बाहेर गेली. आता रडतेय म्हणे." आवाज शांत होता, पण ओठ पांढरे पडले होते. "निघूया?"

अविनाशरावांचा सुरंग टीला राहिला होता, उंच पायऱ्यांचं ते पांढरं देऊळ, ज्यासाठी ते सकाळपासून थांबले होते. "निघूया," ते लगेच म्हणाले.

खेमलालने गाडी विहारापाशीच आणली आणि आम्ही तिथूनच निघालो. टपरीवरून गेलो तेव्हा मला वाटलं दुलारीबाई हात हलवून निरोप देतेय. मीही हात हलवला.

महानदीचा पूल ओलांडला तेव्हा वेळ भरपूर होता. मी मनात उलटी बेरीज करत होतो आणि सगळं जुळत होतं. म्हटलं, चला, कार्डं काढून ठेवावी. पायाशी हात घातला. पायाशी माझी चप्पल होती.

मी हळूच फोन काढला आणि दुलारीबाईला लावला.

"हव भैया," ती म्हणाली, "तुंहर डब्बा ला बस मा दे दे हंव." मी हात हलवून निघून गेलो, तर तिने मागून येणाऱ्या रायपूरच्या बसमध्ये डबा दिला होता. एकदा पूर्वीही तिने असाच पाठवला होता. बस आमच्या मागे होती.

"आरंगला जरा थांबू," मी म्हणालो. "इथला चहा फार चांगला असतो."

"मला चहा नको," शुभाताई म्हणाल्या.

"दोन मिनिटं फक्त."

"नको म्हटलं ना."

खेमलालने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याने फोन ऐकला होता. "दीदी, चाय नहीं पीना है," तो म्हणाला. "डब्बा बस में आ रहा है. आपका कार्ड उसी में है."

शुभाताईंनी पर्स पुन्हा मांडीवर ओढली. मग अविनाशराव म्हणाले, "कोणत्या बसमध्ये?"

आरंगच्या चौकात गाडी बाजूला लावून आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. धान भरलेले ट्रॅक्टर एकामागोमाग चाललेले, धूळ उडतेय. मी इतक्या वर्षांत जितक्या देवळांत लोकांना नेलं त्या सगळ्या देवांची नावं घेतली. बस प्रत्येक गावाला थांबणारी होती. शुभाताई सिमेंटच्या बाकावर बसल्या, पर्स मांडीवर, हात पर्सवर. उघडत नव्हत्या. आता त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"मी त्यांना कार्डं का दिली?" त्या नवऱ्याला म्हणाल्या, जणू मी तिथे नव्हतोच. "मी आयुष्यात कोणाला कागदपत्रं देत नाही."

"मी सांगितलं म्हणून," अविनाशराव म्हणाले.

त्या माणसाने माझ्या वाटणीचा दोष असा अलगद उचलून स्वतःच्या अंगावर घेतला. मला तेवढ्यानेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बस आली. मी रस्त्याच्या मधे जाऊन दोन्ही हात वर केले. कंडक्टर दारातून ओरडला, "मरना है क्या?" मी म्हणालो, माझा डबा आहे. तो म्हणाला, डबा पुरानी बस्तीत पोचवायचा आहे, रस्त्यात कोणालाही द्यायचा नाही, असं बाईने बजावलंय. मी म्हणालो, पुरानी बस्तीतला मीच. तो म्हणाला, मग इथे काय करून राहिले? शेवटी खेमलालने त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. कंडक्टरने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि डबा दिला.

मी तिथेच, रस्त्यावरच, वरचं झाकण उघडलं. आत तांदळाचे चीले होते, गरम, एकावर एक. दुसऱ्या कप्प्यात टमाट्याची चटणी. तिसऱ्यात गुळाचा खडा. कार्डं नव्हती.

मी पुन्हा फोन लावला. "दुलारीबाई, त्यात दोन कार्डं होती."

"हव, कारड," ती म्हणाली, अगदी निवांत. "ओमा अचार लगे रिहिस. धो के तार मा सुखाय बर टांगे हंव." लोणचं लागलं होतं, म्हणून तिने कार्डं साबणाने धुऊन, तारेवर चिमटा लावून वाळत घातली होती.

मागे फिरलो तर विमान गेलं. न फिरलो तर कार्डं नाहीत. "आता काय करू राहिले तुमी?" हे मीच मला मोठ्याने विचारलं, आणि पुण्याचं सगळं मराठी गळून पडलं. "ताई, मले माफ करा. मले काही सुचून नाही राह्यलं."

"विमानतळावर चला," शुभाताई म्हणाल्या. "तिथे बघू."

विमानतळाच्या दारातला जवान सभ्य होता. अशी माणसं सभ्य असली की जास्त भीती वाटते. अविनाशरावांनी गळ्यातलं जहाजाचं कार्ड दाखवलं, ज्यावर फोटोही होता. जवानाने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"सर, ये पानी के जहाज का है."

"हो, पण फोटो माझाच आहे."

"फोटो आपका ही है, सर. लेकिन इससे अंदर नहीं जा सकते."

मी मधे पडून माझं ओळखपत्र, माझी इतकी वर्षं, एकही विमान न चुकल्याचा इतिहास, सगळं सांगायला लागलो. तो म्हणाला, "आपको जाना है क्या?" मी म्हणालो, नाही. "तो आप थोड़ा साइड में."

मग त्यानेच विचारलं, मोबाइलमध्ये आधार आहे का, सरकारी अॅपमधलं? व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालणार नाही. शुभाताई दचकल्या. आईच्या पेन्शनच्या कामासाठी त्यांनी ते अॅप घेतलं होतं, आईचं आणि स्वतःचं दोन्ही त्यात होतं. त्यांनी फोन काढला. दिवसभर जहाजावर फोन करून करून बॅटरी लाल झाली होती. त्या एक एक बोट जपून टेकवत गेल्या. आम्ही चौघे, जवानासकट, त्या पडद्याकडे पाहत होतो. कार्ड उघडलं. जवानाने पाहिलं, तिकीट पाहिलं, मान हलवली.

"मॅडम जा सकते हैं. सर का?"

अविनाशरावांचं अॅप जुन्या नंबरवर होतं, आणि तो नंबर त्यांनी कधीच बंद केला होता.

कोणी काही ठरवलं असं मला दिसलं नाही. शुभाताईंनी पर्स उघडली, औषधांच्या दोन पट्ट्या काढल्या आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात घातल्या. "ही जेवणाआधी. ही झोपताना. गोड खाऊ नका, डब्यात गूळ आहे, मी पाहिलाय."

"तू जा," ते म्हणाले. "आईला सांग, मी मागून येतोय."

"तिला तुम्ही आठवत नाही."

"तरी सांग."

त्या आत गेल्या. काचेपलीकडे जाऊन त्यांनी एकदा मागे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग फोन कानाला लावला, पाहिला, आणि पर्समध्ये टाकला. बॅटरी संपली असावी. जहाजावरच्या त्या नर्सबाईंचा नंबर त्याच फोनमध्ये होता. म्हणजे आता त्या पोचल्या का, बंदराच्या दारातून आत सोडलं का, आई कशी आहे, काहीच कळणार नव्हतं. एजंटला फोन केला. तो म्हणाला, सकाळी बघतो.

अविनाशरावांना घरी घेऊन आलो. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, गल्ली इतकी अरुंद की त्यांना वाटलं मी त्यांना अजून एखादं प्राचीन काही दाखवतोय. दारात नंदा, माझी बायको, उभी होती.

"हे कोण?"

"पाहुणे. जहाजावरचे."

"दोन होते ना?"

"एक गेल्या."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या हातातलं लाटणं खाली जात होतं. "तुमचे बाबा डब्यात सामान ठेवत, तं डबा मांडीवर घेऊन बसत," ती म्हणाली. "तुमी काहून दुसऱ्याले धुवाले देऊन राहिले?" वडिलांच्या शास्त्राचा हा अर्धा भाग माझ्या कधी लक्षातच आला नव्हता.

अविनाशरावांनी चीले आवडीने खाल्ले, गूळ बाजूला ठेवला, गोळी घेतली आणि माझ्या मुलाच्या खोलीत पडले. झोपले नाहीत हे मला माहीत आहे, कारण मीही झोपलो नव्हतो आणि मधली भिंत पातळ आहे. मी पडल्या पडल्या त्या म्हाताऱ्या बाईंना पाहत होतो, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. लांब लांब गालिच्याच्या बोळातून एकेक दार लोटत लेकीला शोधताहेत. माझ्या धंद्यात माणूस चुकलं तर घोषणा करतात, पोलिसांना सांगतात. तिथे जहाज त्यांना घेऊन निघून जाणार होतं, आणि ते मी केलं असणार होतं, लोणच्याच्या वाटीशेजारी दोन कार्डं ठेवून.

सकाळी आम्ही तिघं चहा घेत होतो, कोणी कोणाकडे पाहत नव्हतं, तेव्हा अविनाशरावांचा फोन वाजला. त्यांनी घाईत स्पीकर लावला. आधी नुसती घरघर, मग शुभाताई.

"पोचले मी. फोन चार्जिंगला लावला आणि तशीच झोपले. आता जहाज सुटतंय."

"आई?"

"मी गेले तेव्हा जागी होती. दारातच खुर्ची टाकून बसलेली, कोणी हलवू शकलं नाही म्हणे. मला पाहिलं आणि म्हणाली, आलीस का, जेवलीस का. मग जेवली. माझ्याबरोबर."

नंदाने पदराने डोळे पुसले. मी कपाकडे पाहत राहिलो.

अविनाशराव म्हणाले की ते आज पुन्हा सिरपूरला जाऊन कार्डं घेतील, आणि रेल्वेने चेन्नईला येऊन जहाज गाठतील, जहाज तिथे थांबणारच आहे. आणि जमलंच तर, त्यांनी आवाज जरा खाली आणला, जमलंच तर तो राहिलेला सुरंग टीलाही पाहून घेतील.

"घ्या की पाहून," शुभाताई म्हणाल्या. "निवांत पाहा. इथे आईचं माझं ठीक आहे." मागे जहाजाचा भोंगा वाजला, लांब आणि जड. तो थांबेपर्यंत त्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "फक्त गाइड दुसरा घ्या."